शुक्रवारच्या रात्रींची नोंदवही

२०१२ च्या शरद ऋतूत फ्लोरिडातल्या युली या गावात डेरिक हेन्री नावाचा शाळकरी मुलगा दर शुक्रवारी रात्री अमेरिकन फुटबॉलचा चेंडू काखेत मारून धावत होता आणि अमेरिकेतली क्रीडापानं त्याच्यामागे मोजणी करत होती. मोजायचं होतं ११,२३२ पर्यंत. शाळेच्या कारकिर्दीत चेंडू घेऊन एवढे यार्ड धावलेला खेळाडू तोवर एकच होता, टेक्सासमधल्या शुगर लँड हायस्कूलचा केन हॉल. आडव्या येणाऱ्या अकरा जणांना चुकवत, लोटत, ओलांडत कापलेलं हे अंतर सव्वादहा किलोमीटर भरतं. हॉलनं ते १९५० ते १९५३ या काळात कापलं आणि त्यानंतर ५९ वर्षं त्याला कुणी मागे टाकलं नाही. हेन्रीनं टाकलं. तो १२,१२४ वर थांबला, पुढे अलाबामा विद्यापीठाकडून खेळताना विद्यापीठ पातळीवरच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी हाइझमन ट्रॉफी २०१५ मध्ये जिंकला आणि व्यावसायिक लीगमध्ये मोठा तारा झाला.

बातमी हेन्रीची होती. पण खरं नवल त्या बातमीतल्या जुन्या आकड्याचं होतं. ज्या शुगर लँडमध्ये आज कितीतरी मराठी कुटुंबं राहतात, ते हॉलच्या काळात ह्यूस्टनपासून वीसेक मैलांवरचं साखर कारखान्याचं गाव होतं. शाळा छोटी. १९५९ मध्ये शेजारच्या मिसूरी सिटीशी शाळांचं एकत्रीकरण झालं आणि शुगर लँड हायस्कूल त्या नावानं उरलंच नाही. देशभरच्या शालेय विक्रमांची वही ठेवणारी यंत्रणा तेव्हा नव्हती. तरीही १९५३ च्या एका मोसमात हॉल ४,०४५ यार्ड धावला, ह्यूस्टन लुथरन शाळेविरुद्धच्या एका सामन्यात फक्त ११ वेळा चेंडू हाती घेऊन ५२० यार्ड धावला, हे सगळं यार्डाच्या हिशेबानं नोंदलेलं आहे. बंद पडलेल्या शाळेतल्या एका मुलाचा हिशेब इतका नेटका कसा काय टिकला? आणि त्याच वेळी, त्याच परिसरात खेळलेल्या इतर मुलांचा का टिकला नाही?

या दोन प्रश्नांच्या मागे गेलं की खेळाडूंपेक्षा नोंदी ठेवणारेच जास्त भेटतात. गावातल्या वर्तमानपत्राचे क्रीडा-वार्ताहर, निवृत्त मास्तर, सुट्टीचा दिवस वाचनालयात मायक्रोफिल्मच्या यंत्रासमोर घालवणारे हौशी लोक. अमेरिकेच्या हायस्कूल फुटबॉलचा इतिहास प्रामुख्यानं त्यांनी जमवला आहे.

पन्नास राज्यं, पन्नास वह्या

हा फुटबॉल आपला पायानं खेळायचा नव्हे. लंबगोल चेंडू, शंभर यार्डांचं मैदान, डोक्यावर हेल्मेट, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं आणि शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की टचडाउन. विद्यापीठांचे आणि व्यावसायिक संघांचे सामने टीव्हीमुळे जगभर पोचले, पण खेळाची मुळं गावोगावच्या हायस्कुलांत आहेत. शुक्रवारी संध्याकाळी मैदानावरचे दिवे लागतात, शाळेचं बँडपथक उतरतं आणि लहान गावांत त्या रात्री दुसरा कार्यक्रम नसतो. टेक्सासमधल्या ओडेसा गावच्या पर्मियन हायस्कूलवर एच. जी. बिसिंजर यांनी १९९० मध्ये ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ हे पुस्तक लिहिलं. त्यावरून आलेल्या चित्रपटामुळे आणि मालिकेमुळे हे जग आपल्याकडेही थोडंफार ओळखीचं झालं.

अकरा जणांचा हा खेळ खेळणारी सुमारे १४ हजार हायस्कुलं आहेत आणि मुलं सुमारे १० लाख. संघामागे मोसमात दहाएक सामने धरले तर ढोबळ मानानं दर वर्षी सत्तर हजार निकाल लागतात. या सगळ्यांवर एकच एक नियंत्रक संस्था मात्र नाही. शालेय खेळ हा राज्याचा कारभार. टेक्सासची युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग वेगळी, कॅलिफोर्नियाचं फेडरेशन वेगळं, ओहायोची संघटना वेगळी. राज्य संघटनांचा राष्ट्रीय महासंघ १९२० मध्ये स्थापन झाला. आज त्याचं मुख्यालय इंडियानापोलिसला आहे. त्याचं मुख्य काम खेळाचे नियम ठरवणं. राष्ट्रीय शालेय विक्रमांचं पुस्तक त्यानं पहिल्यांदा काढलं ते १९७८ मध्ये.

कनेक्टिकटमध्ये नॉर्विच आणि न्यू लंडन इथल्या शाळांची चढाओढ १८७५ पासून सांगितली जाते. तिथून धरलं तर खेळ सुरू झाल्यावर शंभर वर्षांनी राष्ट्रीय वही उघडली गेली. मधल्या शतकाचा सगळा हिशेब मागाहून मांडायचा होता. शिवाय या वहीत नोंद घालायची तर राज्य संघटनेनं ती मान्य करावी लागते, आणि जुन्या खेळाचे पुरावे बऱ्याचदा राज्य संघटनेकडेही नसतात. पुरावा असलाच तर वर्तमानपत्रात.

शनिवारचा अंक

सामना शुक्रवारी रात्री संपतो. गावचा वार्ताहर, शाळेचा प्रशिक्षक किंवा संघाचा विद्यार्थी-व्यवस्थापक वर्तमानपत्राच्या कचेरीत फोन करतो. तिकडे कुणीतरी कानाशी रिसीव्हर धरून गुण, टचडाउन करणाऱ्यांची नावं, जमलंच तर यार्ड उतरवून घेतो. छपाईची वेळ डोक्यावर आलेली, फोन एकामागून एक खणखणताहेत. सकाळी शनिवारच्या अंकात बारीक टायपात निकालांची रांग छापून येते. शतकभराचा इतिहास याच रांगांत साठला आहे.

ती रांग वाचणं हे कौशल्याचं काम आहे. पहिला घोळ तारखेचा. अंक शनिवारचा, सामना शुक्रवारचा, आणि साप्ताहिक असेल तर मजकुरात नुसतंच ‘गेल्या शुक्रवारी’. दुसरा घोळ नावांचा. मथळ्यात शाळेऐवजी ‘टायगर्स’ किंवा ‘बुलडॉग्ज’, आणि एकेका राज्यात टायगर्स डझनावारी. खेळाडूचं फक्त आडनाव. दोन भाऊ एकाच संघात असले की टचडाउन कुणाच्या खात्यावर घालायचं? तिसरा घोळ दोन वर्तमानपत्रांचा. यजमान गावच्या अंकात एक गुणसंख्या, पाहुण्या गावच्या अंकात दुसरी. कधी विजेता आणि पराभूत यांची अदलाबदल. सुरुवातीच्या आवृत्तीत सामना संपण्याआधीचाच आकडा छापलेला असतो. मायक्रोफिल्म करताना बांधणीच्या घडीत गेलेला स्तंभ तर कायमचाच गेला.

शाळेची वार्षिकं हा दुसरा आधार. त्यांत छायाचित्रं चांगली मिळतात, खेळाडूंची पूर्ण नावं मिळतात. पण वार्षिक हे शाळेचं कौतुकपत्र असतं. मोठ्या फरकानं हरलेला सामना त्यात हळूच गळतो. तिसरा आधार माणसांच्या आठवणींचा. पन्नास वर्षांपूर्वीच्या सामन्याबद्दल विचारलं तर पाऊस पडत होता, चिखल होता, शेवटच्या मिनिटाला जिंकलो, हे सगळं माणूस ठामपणे सांगतो. अंक काढून पाहावा तर आकाश निरभ्र आणि निकाल उलटा. सामना कोणत्या सुमारास झाला आणि मैदानावर कोण होतं, एवढं कळायला आठवण उपयोगी पडते. गुणसंख्येसाठी छापील कागदच हवा.

यार्डांचं मोजमाप तर आणखी नाजूक. धावपटू किती यार्ड गेला हे मैदानाकडेला उभा असलेला मुलगा डोळ्यांनी अंदाज घेऊन लिहितो. प्रत्येक धाव पूर्ण यार्डात मोजतात. दोन्ही संघांचे कागद सहसा तंतोतंत जुळत नाहीत. कारकिर्दीच्या हजारो यार्डांची बेरीज म्हणजे अशा शेकडो अंदाजांची बेरीज असते. मोजणाऱ्यानं प्रामाणिकपणे मोजलं असेल तर चुका दोन्ही बाजूंनी पडून एकमेकींना खातात. घरच्या पोरावर जीव असेल तर त्या एकाच बाजूला साचतात.

हे काम गेल्या वीस वर्षांत थोडं सोपं झालं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जुनी वर्तमानपत्रं २००७ पासून इंटरनेटवर खुली करायला घेतली. टेक्सासपुरतं नॉर्थ टेक्सास विद्यापीठानं वर्तमानपत्रं, वार्षिकं, छायाचित्रं यांचं मोठं दालन त्याआधीच उघडलं होतं. शब्द टाकून शोधता येऊ लागलं. पण यंत्र जुन्या टायपातल्या ६ आणि ८ यांत गल्लत करतं, ० चा ओ करतं, आणि फुटबॉलच्या निकालात तर सगळा अर्थ त्या आकड्यांतच असतो. त्यामुळे पान सापडलं तरी शेवटी डोळ्यांनीच वाचावं लागतं.

जिंकलं म्हणजे काय?

समजा सगळे अंक सापडले, सगळे आकडे जुळले. तरी प्रश्न राहतोच की मोजायचं काय. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात शाळांचे संघ मिळेल त्याच्याशी खेळत. कधी दुसरी शाळा, कधी छोटं कॉलेज, कधी माजी विद्यार्थी, कधी गावातल्या जवानांचा क्लब. टेक्सासमधल्या शालेय फुटबॉलची सुरुवात १८९२ मध्ये गॅल्व्हस्टनच्या बॉल हायस्कूलपासून सांगतात, आणि तिथेही समोर गावातल्या प्रौढांचा संघ होता. असा सामना शाळेच्या जय-पराजयात धरावा का? काही संकलक धरतात, काही वेगळ्या रकान्यात टाकतात. शंभर-सव्वाशे वर्षं खेळणाऱ्या शाळांमध्ये सर्वाधिक विजय कुणाचे यावरून जे वाद होतात, त्यांतले बरेच या रकान्यापाशी येऊन अडतात.

गुणांचंही तसंच. १८९७ पर्यंत टचडाउनला चार गुण होते, १८९८ पासून पाच, १९१२ पासून सहा. मैदानावरून लाथ मारून केलेल्या फील्ड गोलला आधी पाच, १९०४ पासून चार, १९०९ पासून तीन. चेंडू पुढे फेकायची मुभा १९०६ मध्ये आली. त्यामुळे १९०० सालचा २५–० हा निकाल आजच्या २५–० सारखा नाही, आणि त्या काळच्या मुलाच्या खात्यावर फेकीचे यार्ड शोधणं तर वेडेपणाच. १९२७ मध्ये कॅन्ससमधल्या हेवन शाळेनं सिल्व्हिया शाळेचा २५६–० असा फडशा पाडला. ही गुणसंख्या आजही पुस्तकात आहे. आकडा छापील असला तरी माणसं आधी त्यात छपाईची चूक शोधतात, ते साहजिकच आहे.

बरोबरीचे सामने ही सगळ्यांत मोठी डोकेदुखी. टेक्सासच्या पहिल्या राज्य विजेतेपदाचीच गंमत पाहा. १९२० च्या मोसमाच्या अंतिम सामन्यात क्लीबर्न आणि ह्यूस्टन हाइट्स ०–० वर अडले आणि दोघांना विजेते घोषित करावं लागलं. पुढे बाद फेरीत बरोबरी झाली तर प्रतिस्पर्ध्याच्या वीस यार्डांच्या रेषेच्या आत कोण जास्त वेळा शिरलं ते मोजत. याला ‘पेनिट्रेशन’ म्हणत. १९५४ पासून सलग ४९ सामने जिंकलेला अ‍ॅबिलीनचा संघ १९५७ च्या उपांत्य फेरीत हायलँड पार्कशी २०–२० असा बरोबरीत सुटला आणि याच मोजणीवर स्पर्धेबाहेर गेला. त्या मोसमात अ‍ॅबिलीन हरलं का? बाद फेरीचा तक्ता म्हणतो हरलं. गुणफलक म्हणतो नाही. संकलकानं दोन्ही लिहायला हवं, म्हणजे तळटीप आली.

तळटीप मागणारी आणखी एक गोष्ट म्हणजे बहाल केलेला विजय. एखादा खेळाडू वयानं किंवा पत्त्यानं अपात्र होता हे महिन्यांनी उघड होतं आणि मैदानावर जिंकलेला संघ कागदावर हरतो. नियमानं अशा सामन्याची गुणसंख्या १–० लिहितात. या खेळात एका गुणावर सामना संपणं व्यवहारात घडत नाही, त्यामुळे अनुभवी संकलकाला तो आकडा दिसला की तो पुढच्या-मागच्या आठवड्यांचे अंक चाळायला घेतो. शिवाय १९३४ मध्ये नेब्रास्कातल्या चेस्टर गावच्या स्टीफन एप्लर यांनी लहान शाळांसाठी सहा जणांचा फुटबॉल काढला. मैदान आखूड, धावायला जागा भरपूर, गुणांचा पाऊस. त्याच्या विक्रमांना वेगळी वही लागतेच.

अंतिम सामनाच नाही, तरी विजेता

ओहायो राज्यातल्या मॅसिलॉन गावात मुलगा जन्मला की त्याच्या पाळण्यात छोटा फुटबॉल ठेवतात. १९३२ ते १९४० या काळात तिथल्या शाळेला पॉल ब्राउन यांनी घडवलं. पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये क्लीव्हलँडचा संघ ज्यांच्या आडनावानं ओळखला गेला तेच हे. मॅसिलॉनच्या नावावर त्याआधीच राज्याची २४ विजेतेपदं होती. आणि तरीही २०२३ च्या नोव्हेंबरअखेर या संघानं अ‍ॅक्रनच्या होबन शाळेला ७–२ असं हरवलं तेव्हा गावात लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं, कारण बाद फेरीतून, अंतिम सामना खेळून मिळवलेलं हे त्यांचं पहिलंच विजेतेपद होतं.

ओहायोत बाद फेरी १९७२ मध्ये सुरू झाली. त्याआधी विजेता ठरायचा तो पत्रकारांच्या मतदानानं, आणि त्याच्याही आधी सर्वसाधारण मान्यतेनं. मॅसिलॉनची २४ विजेतेपदं त्या काळातली. ती खोटी नाहीत, पण २०२३ च्या विजेतेपदाच्या जातीचीही नाहीत. कॅलिफोर्नियात तर उलटीच तऱ्हा. राज्य विजेतेपदाचा सामना १९२७ नंतर बंद झाला तो थेट २००६ मध्ये परत आला. मधल्या जवळजवळ ऐंशी वर्षांत राज्यात विजेता होता का? अधिकृतपणे नाही. काल-हाय स्पोर्ट्स या प्रकाशनाच्या नेल्सन टेनिस आणि त्यांचा मुलगा मार्क टेनिस यांनी जुने अंक धुंडाळून त्या प्रत्येक मोसमातल्या सर्वोत्तम संघांचा आणि खेळाडूंचा मागाहून निवाडा केला. तो निवाडा आहे, निकाल नव्हे, हे वाचकानं लक्षात ठेवायचं.

राष्ट्रीय विजेता ही तर संपूर्ण कल्पनेची वस्तू. १९२० च्या दशकात नामांकित शाळा रेल्वेनं दूरच्या राज्यांत जाऊन एकमेकींशी खेळत आणि जिंकणारी स्वतःला देशाची विजेती म्हणवून घेई. १९२७ मध्ये टेक्सासच्या वेको हायस्कूलनं क्लीव्हलँडच्या कथीड्रल लॅटिनला हरवून असाच मान घेतला. १९३९ च्या नाताळच्या दिवशी मायामीत पोलिओग्रस्तांच्या मदतीसाठी ‘हेल्थ बोल’ हा सामना झाला आणि न्यू जर्सीच्या गारफील्डनं मायामी हायस्कूलला १६–१३ असं हरवलं. मिनेसोटातले आर्ट जोल्फ्स हे गृहस्थ १९२७ पासून हौसेनं देशातल्या सर्वोत्तम संघाची निवड करत होते. १९५९ पासून ती निवड छापून येऊ लागली. वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंग गावचे पत्रकार डग हफ यांनी राष्ट्रीय क्रमवारी आणि राष्ट्रीय विक्रम या दोन्हींसाठी पुढे दीर्घकाळ काम केलं. १९८२ मध्ये यूएसए टुडेनं देशातल्या पंचवीस संघांची यादी सुरू केली आणि पहिल्या वर्षी सिनसिनाटीचं मोलर हायस्कूल अव्वल ठरलं. तोवरचे सगळे राष्ट्रीय विजेते म्हणजे काही चिवट माणसांचं अभ्यासू मत.

सर्वांत जुनी चढाओढ कोणती, यावर तर विशेषणांची लढाई चालते. नॉर्विच आणि न्यू लंडनकडे १८७५ हे साल आहे. मॅसॅच्युसेट्समधली वेलस्ली आणि नीडहम म्हणतात, सरकारी शाळांमधली आणि थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत होणारी आमची सर्वांत जुनी, १८८२ ची. बॉस्टन लॅटिन आणि इंग्लिश हायस्कूल म्हणतात, आमची खंड न पडता चाललेली, १८८७ पासून. तिघांचंही खरं आहे. अचूक विशेषण लावलं की प्रत्येकाला जागा मिळते.

सलग विजयांच्या बाबतीत एवढा घोळ नाही, कारण तिथे मोजायची बाब साधी आहे. मिशिगनमधल्या हडसन या छोट्या गावानं १९६८ ते १९७५ मध्ये ७२ सामने सलग जिंकले आणि मिशिगनमध्ये बाद फेरी सुरू झाली त्याच वर्षी अंतिम सामन्यात इशपेमिंगकडून हार पत्करली. कॅलिफोर्नियातल्या कॉनकॉर्डच्या डे ला सॅल शाळेनं प्रशिक्षक बॉब लाडुसर यांच्या हाताखाली १९९२ ते २००४ मध्ये तो आकडा १५१ वर नेला. ४ सप्टेंबर २००४ ला सिअ‍ॅटलमध्ये बेलव्ह्यूनं ३९–२० असं हरवेपर्यंत त्या शाळेतल्या मुलांच्या कित्येक तुकड्या हार न पाहता शाळा संपवून बाहेर पडल्या. १५१ वर वाद नाही. तो कुणाच्या डोळ्यांआड घडलेला नव्हता.

गुरुवारच्या रात्री

आता केन हॉलच्या काळातल्या टेक्सासकडे परत जाऊ. शाळा गोऱ्या आणि काळ्या मुलांसाठी वेगवेगळ्या होत्या. युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीगचं दार फक्त गोऱ्यांच्या सरकारी शाळांना खुलं होतं. काळ्या मुलांच्या शाळांसाठी १९२० मध्ये वेगळी लीग उभी राहिली. प्रेअरी व्ह्यू या काळ्या विद्यार्थ्यांच्या कॉलेजच्या आधारानं ती चालली आणि प्रेअरी व्ह्यू इंटरस्कोलॅस्टिक लीग म्हणून ओळखली गेली. तिच्या फुटबॉल विजेतेपदांची परंपरा १९४० पासूनची. शुक्रवारी रात्री स्टेडियम गोऱ्या शाळांना लागे, म्हणून यांचे सामने बुधवारी, गुरुवारी. पत्रकार मायकल हर्ड यांनी या लीगवर २०१७ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाचं नाव म्हणूनच ‘थर्सडे नाइट लाइट्स’.

या लीगचा खेळ दुय्यम दर्जाचा होता असं कुणी म्हणू शकणार नाही. पुढे व्यावसायिक फुटबॉल गाजवणारे कितीतरी खेळाडू तिथलेच. टेम्पलच्या डनबार हायस्कूलमधून जो ग्रीन आला, ऑस्टिनच्या अँडरसनमधून डिक ‘नाइट ट्रेन’ लेन, ह्यूस्टनच्या वर्दिंगमधून ओटिस टेलर, ब्यूमाँटच्या हेबर्टमधून जेरी लेव्हायस. ब्यूमाँटच्याच चार्ल्टन-पोलार्डमध्ये विली रे स्मिथ प्रशिक्षक होते आणि त्यांचा मुलगा बब्बा तिथे खेळला. ‘पोलिस अकॅडमी’ चित्रपटांतला धिप्पाड हायटॉवर तो हाच. ह्यूस्टनमध्ये जॅक येट्स आणि फिलिस व्हीटली या शाळांचा थँक्सगिव्हिंगच्या दिवशीचा सामना १९२७ पासून १९६६ पर्यंत चालला. मिरवणूक निघे, राणी निवडली जाई, आणि गर्दी ३० हजारांच्या पुढे जाई. ज्या वर्षी हॉल शुगर लँडमध्ये ४,०४५ यार्ड धावला, त्या वर्षीही वीस मैलांवर हा सोहळा होताच.

त्या गर्दीसमोर धावलेल्या मुलांचे यार्ड मात्र सलग कुठे सापडत नाहीत. शहरातल्या मोठ्या दैनिकांनी या सामन्यांना जागा दिली तरी चार ओळींची. ह्यूस्टन इन्फॉर्मरसारख्या काळ्या समाजाच्या साप्ताहिकांनी मनापासून लिहिलं, पण साप्ताहिकाला दर गुरुवारच्या पंधरा-वीस सामन्यांचे तपशील छापणं परवडत नसे. मग १९६० च्या दशकात शाळा एकत्र आल्या. लीगचा नियम बदलला आणि काळ्या शाळांना मुख्य लीगमध्ये प्रवेश मिळाला. १९७० पर्यंत प्रेअरी व्ह्यूची लीग मिटली. व्हायला हवं होतं ते झालं, पण ज्या तऱ्हेनं झालं त्यात काळ्या शाळाच बंद पडल्या किंवा त्यांचा दर्जा उतरवला गेला. प्रशिक्षकांना दुय्यम जागा मिळाल्या. ठिकठिकाणी करंडक, छायाचित्रं, गुणवह्या अडगळीत आणि कचऱ्यात गेल्या.

शुगर लँड हायस्कूलही बंद झालं होतं, तरी हॉलचा हिशेब वाचला. कारण त्याच्या मोसमांत त्याच्यावर नजर होती. वर्तमानपत्रांनी त्याला ‘शुगर लँड एक्स्प्रेस’ हे नाव दिलं होतं. ज्याला असं नाव मिळतं त्याची कात्रणं कुणीतरी जपतं. हॉलचे यार्ड खरे आहेत, त्याच्या पराक्रमात तिळमात्र उणं नाही. पण ‘सर्वाधिक’ हा शब्द फक्त त्या काळात ज्यांची मोजणी झाली त्यांच्यापुरता खरा आहे. विक्रमांचं पुस्तक उघडलं की नकळत वाटतं, इथे सगळे खेळाडू एका रांगेत उभे आहेत. प्रत्यक्षात ज्यांच्या बाजूला पेन्सिल घेतलेलं कुणी होतं तेवढेच त्या रांगेत आले.

हर्ड स्वतः ह्यूस्टनच्या वर्दिंग हायस्कूलचे विद्यार्थी. त्यांनी जुनी साप्ताहिकं, हयात प्रशिक्षक आणि खेळाडू यांच्या मुलाखती असा माल जमवला. प्रेअरी व्ह्यूच्या माजी प्रशिक्षकांच्या संघटनेनंही नावं आणि निकाल जपले. आज टेक्सासच्या अधिकृत विजेत्यांच्या याद्यांमध्ये त्या लीगचे विजेतेही दिसतात. जॉर्जियासारख्या दुसऱ्या दक्षिणी राज्यांतही काळ्या शाळांच्या लीगचे निकाल जुळवण्याचं काम इतिहासप्रेमींनी हाती घेतलं. विजेत्यांची यादी भरून काढता येते. कोण किती यार्ड धावला हे मात्र त्या रात्री कुणी लिहिलं नसेल तर आता कुठल्याही ग्रंथालयात मिळणार नाही.

हौस आणि भरती

या कामाला पैसा कधीच नव्हता. टेक्सासमध्ये असोसिएटेड प्रेसचे हॅरल्ड रॅटलिफ यांनी १९६३ मध्ये राज्याच्या शालेय फुटबॉलचा इतिहास पुस्तकरूपानं आणला, १९८५ मध्ये बिल मॅक्मरे यांनी आणखी जाडजूड संदर्भग्रंथ काढला. वेकोच्या वर्तमानपत्राचे क्रीडा संपादक डेव्ह कॅम्पबेल यांनी १९६० मध्ये सुरू केलेलं टेक्सास फुटबॉल हे वार्षिक दर उन्हाळ्यात येतं आणि राज्यातल्या चाहत्यांचं ते पंचांगच झालं. जॉर्जिया, अलाबामा अशा राज्यांत इतिहासप्रेमींनी संस्था काढून हजारो सामन्यांचे निकाल वर्षावार, शाळावार लावले. या लोकांची कामाची रीत ठरलेली. आधी एका शाळेचं वेळापत्रक उभं करायचं. मग समोरच्या शाळेचं. दोन्हीकडे तोच सामना त्याच तारखेला, त्याच गुणांनी आला तर नोंद पक्की. नाही आला तर तिसऱ्या गावचा अंक. एका गावचं पान भरलं की शेजारच्या पाच गावांतल्या रिकाम्या जागाही थोड्या भरतात.

आता प्रश्न उलटा झाला आहे. २००२ मध्ये सुरू झालेल्या मॅक्सप्रेप्स या सेवेवर प्रशिक्षक स्वतःच आकडे भरतात. एका मोसमात जमा होणारी माहिती जुन्या संकलकाच्या आयुष्यभराच्या कामाहून अधिक असेल. पण भरणारा आणि तपासणारा एकच आहे. पूर्वी प्रशिक्षकाचा दावा आणि गावाच्या वर्तमानपत्राचा निकाल अशा दोन स्वतंत्र नोंदी असत. आता दुसरी नोंद करणारा हटतो आहे. २००५ पासून अमेरिकेतली एक तृतीयांशाहून अधिक वर्तमानपत्रं बंद झाली, त्यांत गावोगावची साप्ताहिकं सर्वाधिक. १९५३ च्या सामन्याची शहानिशा करायला आज दोन अंक समोर ठेवता येतात. आजच्या सामन्याची शहानिशा २०८० मध्ये करायची तर समोर ठेवायला काय असेल? चित्रफिती असतील, पण त्या जपून ठेवायची जबाबदारी नेमकी कुणाची, हे अजून कुणी ठरवलेलं नाही.

वीस इकडे, वीस तिकडे

शालेय विक्रमाची ही कहाणी आपल्यापासून फार लांब नाही. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेनं भंडारी करंडक स्पर्धेत नाबाद १००९ धावा केल्या तेव्हा त्यानं मोडलेला विक्रम ११६ वर्षांचा जुना होता. इंग्लंडमधल्या क्लिफ्टन कॉलेजच्या ए. ई. जे. कॉलिन्स या तेरा वर्षांच्या मुलानं १८९९ मध्ये नाबाद ६२८ केल्या होत्या. त्या सामन्याचा गुणलेखक नंतर म्हणाल्याचं सांगतात की ६२८ खरे, पण वीस इकडे किंवा वीस तिकडे धरा. एवढी कबुली देणारा नोंदकर्ता दुर्मीळ. धनावडेच्या खेळीत असा वाव नव्हता. हजार धावांकडे तो सरकत होता तेव्हा मैदानावर पत्रकार आणि कॅमेरे पोचले होते.

अमेरिकेतल्या चांगल्या संकलकांनी या वीस धावांची सोय कायमची करून ठेवली आहे. ते ‘सर्वाधिक’ लिहिताना ‘ज्ञात नोंदींनुसार’ जोडतात. ज्या मोसमाचे तीनच निकाल मिळाले तिथे तीनच छापतात आणि उरलेल्या ओळी मोकळ्या सोडतात. दोन अंकांत फरक असेल तर दोन्ही आकडे देतात. वाचकाला हे थोडं किरकिरं वाटतं, पण या किरकिरीमुळेच पुढच्या माणसाला काम करता येतं. एखाद्या साप्ताहिकाचा हरवलेला गठ्ठा कुणाच्या माळ्यावर सापडला तर तो कुठल्या ओळीत बसवायचा हे त्याला लगेच कळतं. अंदाजानं भरून टाकलेल्या वहीत ते कधीच कळलं नसतं.

आपल्याकडे शाळांच्या कबड्डीचे, खो-खोचे, हॉकीचे सामने पिढ्यान्पिढ्या चालू आहेत. निकाल आहेत ते जिल्ह्याच्या दैनिकांत, शाळांच्या स्मरणिकांत, मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या करंडकांवर कोरलेल्या सालांत. एखाद्या जिल्ह्यापुरता हा इतिहास कुणी मनावर घेतला तर पहिल्या वर्षी बहुतेक पानं कोरी निघतील, आणि ती तशीच छापायला हवीत. मुलींच्या संघांची किती कोरी आहेत, आश्रमशाळांची किती, नगरपालिकेच्या शाळांची किती, हे एकदा छापून समोर आलं की शोध कुठून सुरू करायचा याबद्दल कुणाला वेगळं सांगावं लागणार नाही.